तिथीची पाऊणपट

हर्णै किंवा मालवणच्या किनाऱ्यावर एखाद्या जुन्या जाणत्या माणसाला "आज भरती किती वाजता?" असे विचारले, तर तो बहुधा घड्याळाकडे न पाहता उलट विचारतो, "आज तिथी काय?" तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा पिढीजात हिशोब आहे. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. आणि भरती साधारण साडेबारा तासांनी पुन्हा येत असल्याने हीच वेळ थोड्याफार फरकाने सकाळीही चालते आणि संध्याकाळीही. पक्ष शुद्ध असो वा वद्य, आकडा बदलत नाही.

या हिशोबामागचे खगोलशास्त्र सरळ आहे. आकाशात सूर्याच्या तुलनेत चंद्र १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे पुढे गेलेल्या चंद्रासमोर आपला किनारा पुन्हा येण्यास एका तिथीमागे १२ भागिले १५, म्हणजे चार पंचमांश तास, अर्थात ४८ मिनिटे अधिक लागतात आणि भरतीही सुमारे तेवढीच लांबते. पाऊणपटीत हा फरक ४५ मिनिटांचा धरला जातो. तीन मिनिटांची ही चूक रोज साठत जाऊन पंधराव्या तिथीला पाऊण तासाची होते. चार पंचमांशाने गुणले तर पौर्णिमेला बरोबर बारा येतात, पाऊणपटीने सव्वाअकरा. तोंडी हिशोबाला एवढी सूट द्यायला हरकत नाही. शिवाय आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणची वेळ ही मुंबईची वेळ नसतेच. होडी समुद्रात घालणाऱ्याने छापील कोष्टकच पाहावे, हे वेगळे सांगायला नको.

वाऱ्याचेही असेच आहे. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून पावसाळा सोडला तर दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो आणि रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत जमिनीवरून मतलई वारा सुटतो. शिडाच्या होड्या मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्यावर परतत.

परिसराचे असे भान मेंदूत कसे रुजते, याचा शोध गेल्या अर्धशतकातला आहे. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी आढळल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की चेतत. २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी लगतच्या भागात जागेची जणू षटकोनी जाळी आखणाऱ्या पेशी दाखवल्या, आणि २०१४ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. मला मात्र २००४ मधील एक प्रयोग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात नुसते भटकणाऱ्या उंदरांच्या मेंदूत अशा पेशींनी आखलेला जागेचा नकाशा टिकाऊ नव्हता. पण त्रासदायक उजेड आणि आवाज बंद करण्यासाठी ज्यांना एक खूण नसलेली जागा शोधावी लागत होती, म्हणजे परिसराकडे लक्ष द्यावेच लागत होते, त्यांचा नकाशा स्थिर राहिला. एखाद्या जागी नुसते वावरणे पुरत नाही, असे यातून दिसते. उंदरांवरून माणसांविषयी घाईने बोलू नये हे खरे. परंतु लंडनमधील टॅक्सीचालकांच्या २०११ च्या अभ्यासात, शहरातील हजारो रस्ते पाठ करून कठीण परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग वाढलेला आढळला, अनुत्तीर्ण झालेल्यांचा नाही. मोबाइलने दाखवलेल्या वळणावर वळणारा प्रवासी त्याच रस्त्यावरून जातो, पण तेथे त्याला लक्ष देण्याचे कारणच उरत नाही.

किनाऱ्यावरचे लक्ष मात्र गावागणिक निराळे लागते. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, दाभोळला आलेली भरती खाडीतून आत चढत चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत पोहोचायला वेळ घेते, त्यामुळे एकाच खाडीवरच्या दोन गावांच्या वेळा जुळत नाहीत. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, तेव्हा आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते आणि पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे पाणी उधाणाकडे चढत होते. पुराचे मूळ कारण मुसळधार पाऊस हेच, पण भरतीच्या वेळी खाडी भरलेली असली की नदीचे पाणी समुद्राकडे उतरायला वाट अपुरी पडते. त्या सकाळी त्रयोदशी होती. तिची पाऊणपट पावणेदहा होते. गोवळकोटला त्यात खाडीचा वेळ मिळवावा लागतो.