निर्णयनोंद (सॉफ्टवेअर)

सॉफ्टवेअरच्या रचनेबद्दल घेतलेला एखादा निर्णय कारणांसकट लिहून ठेवलेली छोटी फाइल म्हणजे निर्णयनोंद. प्रोग्रामर मंडळी तिला ‘एडीआर’ म्हणतात. पूर्ण नाव आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड. एका निर्णयाला एक फाइल, फाइलीला अनुक्रमांक, आणि ती कोडच्याच रेपोमध्ये (कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याच्या जागेत) ठेवायची, एवढीच पद्धत. मोठ्या कंपन्यांत ती रुळली आहे, पण तिचा उपयोग कळायला आपली कामे दाखवणारी, एकट्याने चालवलेली पोर्टफोलिओ वेबसाइट हे उत्तम उदाहरण. तिथे निर्णय घेणारा, तो राबवणारा आणि दोन वर्षांनी ‘हे असं का केलं होतं?’ म्हणून डोकं खाजवणारा माणूस एकच असतो.

साइट आज कशी आहे ते कोड वाचून कळते. कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली ते गिट सांगते (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे हे साधन २००५ पासून वापरात आहे). का बदलली, हे मात्र कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात लिहिले असेल तरच कळणार, आणि तिथे बहुतेकदा ‘फिक्स’, ‘फायनल’, ‘आता तरी फायनल’ अशी रांग असते. नाकारलेल्या पर्यायांची गोष्ट याहून वाईट. जे वापरलेच नाही त्याचा कोडमध्ये मागमूसही उरत नाही, त्यामुळे तोच पर्याय दर वर्षी नव्याने सुचतो आणि त्यावर पुन्हा एक शनिवार-रविवार खर्ची पडतो.

ज्याने तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला हे लवकर उमजेल. सातबारा जमिनीची आजची स्थिती दाखवतो. ती तशी कशी झाली हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, सापडते. हक्क गेलेल्याचे नाव पूर्वी सातबाऱ्यावर खोडत नसत, त्याला कंस करत आणि फेरफाराचा क्रमांक शेजारी राही. निर्णयनोंदीचा मुख्य नियम हाच आहे. निर्णय फिरला तरी जुनी नोंद पुसायची नाही. तिच्यावर ‘रद्द, पाहा अमुक क्रमांक’ एवढे लिहायचे आणि नवी नोंद करायची. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा वापरायचा नाही.

निर्णयनोंदीचे आजचे सुटसुटीत रूप प्रोग्रामर मायकेल नायगार्ड यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये मांडले. त्यांचे निरीक्षण असे की प्रकल्पात नव्याने आलेल्या माणसाला जुन्या निर्णयाचे कारण कळले नाही तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: तो डोळे मिटून पाळायचा किंवा डोळे मिटून बदलायचा. म्हणून नोंद पान-दोन पानांचीच हवी आणि पुढच्या माणसाशी बोलल्यासारखी हवी. कल्पनेची मुळे अर्थात जुनी आहेत. वेर्नर कुंझ आणि होर्स्ट रिटेल यांनी १९७० मध्येच प्रश्न, भूमिका आणि युक्तिवाद वेगवेगळे नोंदवण्याची रीत सुचवली होती. इंटरनेटचे नियम ज्या आरएफसी दस्तऐवजांत लिहिले जातात त्यांतला पहिला ७ एप्रिल १९६९ चा; प्रसिद्ध झालेला आरएफसी बदलत नाहीत, त्याची जागा घेणारा नवा काढतात. पायथन भाषेच्या सुधारणा-प्रस्तावांत तर फेटाळलेले प्रस्तावही जपून ठेवलेले आहेत, आणि माझ्या मते त्या संग्रहातला सर्वांत वाचनीय भाग तोच.

नायगार्ड यांच्या आराखड्यात शीर्षक, पार्श्वभूमी, निर्णय, स्थिती आणि परिणाम हे पाच भाग येतात. पोर्टफोलिओ साइटची एक काल्पनिक नोंद अशी दिसेल:

०००६ : प्रकल्पांची यादी डेटाबेसमधून मार्कडाउन (साध्या मजकुराच्या) फाइलींत हलवणे
पार्श्वभूमी : प्रकल्प एकूण १४. यादी वर्षातून दोन-तीनदा बदलते. तेवढ्यासाठी डेटाबेस चालू ठेवावा लागतो आणि त्याची मोफत योजना बंद होत आहे.
निर्णय : दर प्रकल्पाची एक फाइल ठेवू. पाने बिल्डच्या वेळीच, म्हणजे साइट प्रसिद्ध करण्याआधीच, तयार होतील.
स्थिती : स्वीकृत. ०००२ रद्द.
परिणाम : डेटाबेसची कटकट आणि खर्च दोन्ही संपतात. पण वेलांटी चुकली तरी पुन्हा बिल्ड आणि डिप्लॉय (सर्व्हरवर चढवणे). फोनवरून मजकूर बदलता येणार नाही.

यातली शेवटची दोन वाक्ये सर्वांत मोलाची. तोटा न लिहिलेली नोंद ही जाहिरात होते. मूळ आराखड्यात नाकारलेल्या पर्यायांसाठी वेगळा रकाना नाही, ही त्याची उणीवच; ‘एमएडीआर’ या नंतरच्या साच्याने ती भरून काढली. नॅट प्राइस यांचे ‘एडीआर-टूल्स’ ही साधने कमांड लाइनवरून क्रमांक टाकून फाइल तयार करून देतात. त्यांनी आपोआप तयार केलेली पहिली नोंद ‘आपण निर्णयनोंदी ठेवणार आहोत’ याच निर्णयाची असते.

व्यक्तिगत साइटची रचना पुष्कळदा मालकाच्या हौसेने बदलते, पण कधी कधी पायाखालची जमीनच सरकते. जिओसिटीज ही वेबसाइटसाठीची मोफत जागा २००९ मध्ये जपान वगळता सगळीकडे बंद झाली. अडोबीने ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन दाखवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला. एके काळी डिझायनरांच्या पोर्टफोलिओंचा जीव त्यातच होता. हेरोकू या होस्टिंग सेवेची मोफत योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. अशा वेळी नोंदीची पार्श्वभूमी तारखेसह लिहिलेली असेल तर बदल नाइलाजाने झाला की नवे फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार सांगाडा) शिकायचे होते म्हणून, हे नंतर स्पष्ट दिसते. ‘नेक्स्ट जेएस शिकायचे होते’ हेही प्रामाणिक कारण आहे. ते ‘कार्यक्षमता’ या नावाखाली लपवू नये.

आधीच उभ्या असलेल्या साइटचा इतिहास मागे जाऊन लिहायचा असेल तर गिटचा लॉग, जुन्या पॅकेज फाइली (वापरलेल्या तयार कोडची यादी) आणि जुनी वेबपाने जपणारे इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन यांवरून क्रम लावता येतो. वेबॅकमध्ये पानाचा चेहरा सापडतो, सर्व्हरवरचा कोड नाही. अशा नोंदीत निर्णयाची तारीख आणि लिहिल्याची तारीख वेगळी द्यावी, आणि कारण आठवणीतून लिहिले असेल तर तसे म्हणावे. उठसूट नोंद करण्याचीही गरज नाही: बटणाचा रंग बदलला तर कमिट पुरेसा आहे. जो बदल उलटवायला दिवसभरापेक्षा जास्त वेळ लागेल त्यालाच फाइल, असा ढोबळ हिशेब चालतो. रेपो सार्वजनिक असल्यास या नोंदी मुलाखत घेणारेही वाचतात. तेव्हा पासवर्ड, सेवांच्या गुप्त ‘की’ आणि जुन्या क्लायंटची नावे त्यांत ठेवू नयेत.