शाळेच्या संस्थेत नवा विश्वस्त नेमताना: सभा, कागदपत्रे आणि बदल अर्ज

खासगी शाळेचा कारभार कायद्याने शाळेकडे नसतो, ती चालवणाऱ्या संस्थेकडे असतो. महाराष्ट्रात ही संस्था बहुधा दोन कायद्यांखाली नोंदलेली असते: 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम आणि 1950 चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. म्हणून कार्यकारी मंडळावरची माणसे विश्वस्त ठरतात. शाळा समिती आणि पालकांचा भरणा असलेली शाळा व्यवस्थापन समिती ही निराळी प्रकरणे. त्यांच्या सदस्यांसाठी बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला द्यायची लेखी खबर) लागत नाही.

विश्वस्त कोण होऊ शकतो, हे आधी संस्थेच्या घटनेत, म्हणजे तिच्या नोंदलेल्या नियमावलीत, पाहायचे. कुठे आजीव सभासदांमधून निवडणूक होते, कुठे उरलेले विश्वस्त नवा माणूस घेतात, कुठे देणगीदाराच्या घराण्याला जागा राखीव असते. मुदत, गणपूर्ती, नोटिशीचे दिवस, सगळे तिथेच लिहिलेले असते. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला घेऊ नका. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41-ड खाली त्याच कारणावरून विश्वस्ताला काढता येते.

अर्जाचा नमुना कुणीही भरून देईल. प्रकरण अडते ते सभेपाशी. घटनेत 15 दिवसांची नोटीस सांगितली आहे, नोटीस 1 जूनला टपालात पडली आणि सभा 12 तारखेला झाली, की विरोधी गटाच्या वकिलाला आणखी काही शोधावे लागत नाही. दुसरा हमखास घोटाळा ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात होतो. विश्वस्ताची नेमणूक तिथे कधीही उरकू नये. विषयपत्रिकेवर तो विषय स्पष्ट हवा. ठरावात रिक्त जागा कोणाची व कशामुळे, नव्या विश्वस्ताचे पूर्ण नाव, कार्यकाळ, सूचक, अनुमोदक आणि मतदान झाले असल्यास आकडे लिहा. ‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्यावर भागवू नका.

यानंतर त्याच अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे बदल झाल्यापासून 90 दिवसांत सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज (सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात) द्यायचा. विश्वस्ताचा मृत्यू हा एक बदल आणि त्याच्या जागी नेमणूक हा दुसरा, त्यामुळे दिवस मोजताना दोन्ही तारखा पाहा. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून, खर्च भरून तो माफ करून घेता येतो.

अर्जासोबत साधारणपणे हे कागद जोडतात: परिशिष्ट 1 चा उतारा (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद, यात विश्वस्तांची नावे असतात), घटनेची प्रत, नोटीस व विषयपत्रिका, ती पोचल्याचा पुरावा (टपालाच्या पावत्या किंवा सह्या घेतलेली बटवडा वही), उपस्थितीच्या सह्या, इतिवृत्त, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्ताचे संमतीपत्र, त्याच्या ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि बदल अर्ज देणाऱ्या विश्वस्ताचे प्रतिज्ञापत्र. राजीनामा दिलेला माणूस नंतर ‘मी दिलाच नाही’ म्हणतो, असेही घडते. त्याचे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र वेळीच घेतलेले बरे.

2017 च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावातला बदल 15 कामकाजाच्या दिवसांत तात्पुरता मंजूर करून हरकती मागवता येतात. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत हरकत आली नाही, तर तीच मंजुरी अंतिम होते. हरकत आली की मात्र रीतसर चौकशी, पुरावा, उलटतपासणी. भांडणाऱ्या संस्थांत अशी प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळलेली सापडतात आणि तेवढ्यात पुढची निवडणूकही येऊन ठेपते.

अर्ज प्रलंबित आहे म्हणून निवडून आलेल्या मंडळाचे हात बांधले जात नाहीत. चेंबूर-ट्रॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तसे म्हटले आहे. तरी बँक सह्या बदलायला परिशिष्ट 1 वरच नवे नाव मागते, शिक्षण विभागातही तोच कागद आधी पाहतात. आदेश झाल्यावर नोंद चढल्याची खात्री करा आणि उताऱ्याच्या दोनतीन प्रमाणित प्रती एकदमच मागून घ्या.