यूएसबी बंद म्हणजे मदरबोर्ड गेला?

गेमिंग लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट बंद पडला की ‘मदरबोर्ड (म्हणजे मुख्य सर्किट बोर्ड) गेला’ हे ठरलेलं वाक्य कानावर येतं. बहुतेकदा ते घाईचं असतं. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर, ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर करंट देण्यासाठी बनवलेला. दिव्यांचा कीबोर्ड, माउस, हार्डडिस्क सगळं एकाच हबवर (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या जोडणीवर) लटकवलं की करंट जास्त ओढला जातो आणि संरक्षण म्हणून पुरवठा तुटू शकतो. पोर्ट मेलेला नसतो, रुसलेला असतो. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. तरीही नाही? बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, शिरून त्याच पोर्टला साधा कीबोर्ड लावा. तिथे चालला, तर संशय विंडोजच्या ड्रायव्हरवर (पोर्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) किंवा वीजबचतीच्या सेटिंगवर. तिथेही मुका राहिला तरी धीर धरा: अनेक लॅपटॉपमध्ये एका बाजूचे पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतात, तेवढाच बदलता येतो.