खारवट की चोपण? उपग्रहाला काय दिसतं आणि काय दिसत नाही

कृष्णेच्या खोऱ्यात, वाळवा-मिरजेपासून शिरोळपर्यंत, ऊस पिवळा पडून जागीच बसला की त्या रानाला सरसकट ‘क्षारपड’ म्हणतात. पण क्षारपडीत दोन जाती आहेत, आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. तिची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असतो. चोपण जमिनीत विरघळलेले क्षार कमी, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं. तिथे सामू ८.५ च्या वर जातो.

उपग्रहाच्या चित्रात खारवट जमीन लवकर सापडते. जास्त पाण्यामुळे भूजल वर येतं, उन्हात वाफ होऊन उडतं आणि वरंब्याच्या माथ्यावर मिठासारखी पांढरी खपली उरते. ही खपली ऊन खूप परावर्तित करते, म्हणून एप्रिलच्या चित्रात मोकळं रान लख्ख चमकतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, तेव्हा बांधाच्या अलीकडचं-पलीकडचंही वेगळं काढता येतं. लँडसॅट या दुसऱ्या उपग्रहाच्या एका ठिपक्यात मात्र नऊ गुंठे मावतात. अर्थात पांढरं ते सगळं मीठ नव्हे. चुनखडीचं रान आणि नदीकाठची कोरडी वाळूही तशीच चमकते, आणि वळवाचा एक चांगला पाऊस झाला की खपली विरघळून जाते.

खरी फसगत चोपण करते. तिथे सामू इतका चढतो की सेंद्रिय पदार्थ विरघळून पृष्ठभागावर पसरतात आणि माती उलट काळपट दिसते. वरून पाहणाऱ्याला ती चांगली कसदार काळी जमीनच वाटावी! तिला पिकावरूनच पकडावं लागतं. तांबड्या आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या फरकातून पिकाची हिरवाई मोजतात. काळ्या रानात ती वर्षानुवर्षं त्याच जागी विरळ राहिली, तर संशय घ्यावा. पावसाळ्यात ढगांमुळे साधं चित्र मिळत नाही, तेव्हा सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार कामी येतं. रानात साचलेलं संथ पाणी त्यात काळंभोर उमटतं. चोपण मातीचे कण फुटून छिद्रं बुजतात, म्हणून तिथे पाणी दिवसेंदिवस मुरत नाही. पण नुसत्या सखल रानातही पाणी तुंबतंच.

सामू किंवा सोडियम उपग्रह थेट मोजत नाही. त्याचा मला वाटणारा खरा उपयोग एवढाच, पण तो फार मोठा आहे: शेकडो एकरांतून नमुना नेमका कुठे घ्यायचा ते कळतं. घाईने निदान केलं तर नुकसान शेतकऱ्याच्या खिशाला. खारवटीत निचऱ्याचे चर किंवा सच्छिद्र पाइप टाकून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे असतात. तिथे जिप्समवर केलेला खर्च वाया जातो. चोपणीला आधी जिप्सम हवंच, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, आणि मग पाणी. जिप्समशिवाय नुसतं पाणी सोडत राहिलं तर चोपण आणखी घट्ट होते. काही रानांत दोन्ही दोष एकत्र असतात, तिथे माती परीक्षणाला पर्याय नाही.

तोवर घरी एक करून बघा. वाळलेलं छोटं ढेकूळ काचेच्या पेल्यात, पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि न ढवळता ठेवा. चोपणीच्या ढेकळाभोवती दुधाळ गढूळपणा पसरत जातो. खारवटीचं ढेकूळ सुटलं तरी पाणी बरंचसं नितळ राहतं.