प्रस्तरारोहण : जोखीम व आरोहकांची चरित्रे

खड्या कातळावर हातापायांच्या पकडीने चढण्याचा खेळ. गिर्यारोहणाची पूर्वतयारी म्हणून त्याची वाढ झाली. स्वतंत्र खेळ म्हणून तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावला.

त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. फ्रान्समधील माँ एग्वी हे शिखर १४९२ मध्ये राजा आठवा चार्ल्स याच्या आज्ञेवरून आंत्वान द व्हील याने शिड्या लावून सर केले. काही लेखक हाच आरंभ मानतात. पण ती राजाज्ञेची कामगिरी होती, खेळ नव्हे. इंग्लंडमध्ये जन्मवर्षाचा मान सामान्यतः १८८६ ला दिला जातो. त्या वर्षी वॉल्टर पॅरी हॅस्केट स्मिथ लेक डिस्ट्रिक्टमधील नेप्स नीडल हा सुळका एकट्याने, दोराविना चढला. जर्मनीतील सॅक्सनीचा दावा याहून जुना आहे. तेथे १८६४ मध्ये शांडाऊच्या व्यायामपटूंनी फाल्केनश्टाइन सर केला, मात्र कृत्रिम साधनांच्या मदतीने. १८७४ मध्ये म्योंखश्टाइनवर झालेली चढाई अशा साधनांवाचून होती. साधनांशिवाय केलेली चढाई हा निकष धरल्यास सॅक्सनीचे अग्रक्रमाचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. नेप्स नीडलची प्रसिद्धी मुख्यतः तिच्या छायाचित्रांमुळे वाढली असावी. हॅस्केट स्मिथला दीर्घायुष्य लाभले. १९३६ मध्ये वयाच्या शहात्तराव्या वर्षी तो त्याच सुळक्यावर पुन्हा चढला, या वेळी दोर बांधून.

जोखमीविषयीचा पहिला मोठा तात्त्विक वाद १९११ च्या सुमारास पूर्व आल्प्समध्ये झाला. पॉल प्रॉइस या ऑस्ट्रियन आरोहकाचे म्हणणे असे, की जेवढे उतरता येईल तेवढेच चढावे आणि खडकात ठोकायच्या मेखा, म्हणजे पिटॉन, केवळ आणीबाणीत वापराव्यात. टिटा पियाझ, हान्स ड्युल्फर आदी आरोहकांनी याला विरोध केला. ३ ऑक्टोबर १९१३ रोजी मांडलकोगेलवर एकट्याने चढताना प्रॉइस सत्ताविसाव्या वर्षी पडून मरण पावला. साक्षीदार कोणी नव्हता, त्यामुळे अपघाताच्या कारणाविषयी केवळ तर्क केले जातात. या मृत्यूने त्याची मते खोटी ठरली, असे विरोधक मानत. हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण प्रॉइसचा मुद्दा मृत्यू टाळण्यापेक्षा आरोहकाने आपली कुवत ओळखण्याचा होता. ड्युल्फर १९१५ मध्ये महायुद्धात मारला गेला.

दोराच्या इतिहासामुळे जोखमीचे स्वरूपच बदलले. तागासारख्या वनस्पतिजन्य तंतूंचे जुने दोर फारसे ताणत नसत आणि ते थेट कंबरेला बांधले जात. त्यामुळे पुढे चढणाऱ्याने पडायचेच नाही, असा दंडक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आलेल्या नायलॉन दोराने ही स्थिती पालटली. पडण्याची तीव्रता उंचीवर नव्हे, तर पतनगुणांकावर (पडलेले अंतर भागिले वापरात असलेली दोराची लांबी) अवलंबून असते. २ मी. दोरावर ४ मी. पडल्यास गुणांक २ येतो, ४० मी. दोरावर १० मी. पडल्यास तो अवघा ०.२५ असतो. म्हणून नवख्याला निर्धास्त वाटणारे बिलेजवळचे (साथीदार दोर धरून आरोहकाला सांभाळतो त्या जागेजवळचे) पहिले काही मीटरच दोरावर सर्वाधिक ताण आणतात. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या (स्थापना १९३२) मानकानुसार एकेरी (एकटाच वापरायच्या) दोराने ८० किग्रॅ. वजनाची प्रमाणित पतने किमान पाच वेळा सोसावी लागतात आणि पहिल्या पतनात आरोहकाला बसणारा झटका १२ किलोन्यूटनच्या (बलाचे एकक) आत राहावा लागतो.

साधने सुधारल्यावरही चुका उरल्या. आरोहकांची चरित्रे वाचताना धाडसाचे प्रसंग ठळक दिसतात, अपघातांच्या नोंदी मात्र निराळे सांगतात. एमिलिओ कोमिची या इटालियन आरोहकाने १९३७ मध्ये आल्प्समधील चीमा ग्रांदे शिखराची उत्तर भिंत एकट्याने सर केली होती. १९४० मध्ये तो सरावाच्या एका लहान कड्यावर दोरी तुटून गेला. अमेरिकन आरोहक लिन हिल १९८९ मध्ये फ्रान्समधील ब्यू येथे दोराची गाठ पुरी न करता चढली आणि सुमारे २२ मी. कोसळली. झाडामुळे ती बचावली, आणि १९९३ मध्ये तिने अमेरिकेतील एल कॅपिटन या कड्यावरील ‘नोज’ हा मार्ग प्रथमच मुक्त शैलीत (दोर केवळ सुरक्षेसाठी ठेवून, हातापायांच्या बळावर) चढून दाखवला. टॉड स्किनर २००६ मध्ये हार्नेसची (कंबर-मांड्यांभोवतीच्या सुरक्षापट्ट्याची) दोर जोडायची झिजलेली बिले-पट्टी तुटून, तर ब्रॅड गॉब्राइट २०१९ मध्ये मेक्सिकोत रॅपलिंग करताना (दोरावरून खाली उतरताना) दोराच्या टोकाला गाठ नसल्याने मृत्युमुखी पडला. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून अपघातांचे वार्षिक अहवाल काढत आहे. त्यांतही अशा साध्या चुका वारंवार आढळतात.

दोराविना एकट्याने चढणे ही वेगळी शाखा होय. ३ जून २०१७ रोजी ॲलेक्स होनोल्डने एल कॅपिटनची सुमारे ९०० मी. भिंत ३ तास ५६ मिनिटांत चढून पार केली. त्यापूर्वी त्याने त्या मार्गाचा दोरावर दीर्घ सराव केला होता. या शाखेतील जॉन बाकर २००९ मध्ये पडून मरण पावला. एकट्याने कठीण चढाया करणाऱ्या वोल्फगांग ग्युलिखचा मृत्यू मात्र १९९२ मध्ये मोटार अपघातानंतर झाला.

कृत्रिम भिंतींवरील स्पर्धात्मक आरोहणाला टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) स्थान मिळाले. अशा भिंतींवर घातक अपघात विरळ असून बोटांतील स्नायुरज्जू धरून ठेवणारे पट्टे फाटणे ही नेहमीची दुखापत आहे.