व्यापारनाम (गोवा)

व्यापारनाम : एकट्या मालकाने आपल्या कागदोपत्री नावाऐवजी दुकान वा व्यवसायासाठी वापरलेले नाव. फोंडा परिसरात शांतादुर्गा, मंगेश, म्हाळसा ही दैवते आणि ख्रिस्ती वाड्यांवर संत पाटीवर सर्रास आढळतात. मालकाचे नाव खाली बारीक अक्षरांत ‘प्रोप्रा.’ पुढे येते, पुष्कळदा येतही नाही.

प्रथेचे मूळ नेमके सांगणे कठीण. पोर्तुगीज राजवटीशी ते जोडण्याचा मोह होतो. परंतु 1888 च्या पोर्तुगीज व्यापारसंहितेत एकट्या व्यापाऱ्याची ‘फिर्मा’ म्हणजे त्याचेच पूर्ण वा संक्षिप्त नाव असे, आवश्यक तर त्याला पुरवणी जोडली जाई. दुकानाचे नाव ही निराळी बाब होती. त्यामुळे दैवताच्या किंवा पूर्वजाच्या नावाने पेढी चालवण्याच्या देशी रिवाजाकडे बोट दाखवणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटनने 1916 मध्ये व्यापारनामांच्या नोंदणीचा कायदा केला. भारतात तसा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही.

व्यापारनामाला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व नसते. 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता गोव्यात 1966 मध्ये लागू झाली. तिच्या आदेश 30, नियम 10 प्रमाणे प्रतिवादी म्हणून व्यापारनाम चालते; दावा लावणाऱ्या मालकाला मात्र स्वतःच्याच नावाने उभे राहावे लागते. मालकी पेढी म्हणजे केवळ मालकाचे व्यापारनाम, आणि त्याच्या मृत्यूनंतर दाव्यात वारसच येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये स्पष्ट केले. भागीदारी पेढीस 1932 चा कायदा लागू असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.

गोव्यात खरी अडचण कागदावरच्या नावाचीच. पोर्तुगीज काळातील जन्मनोंदीत कामत ‘कामोतीम’ होतात, शेणवी ‘सिनाय’. जीएसटी नोंदणीत (2017 पासून) कायदेशीर नावाचा रकाना पॅनवरून भरला जातो, व्यापारनामाचा रकाना वेगळा असतो. म्हणजे पाटी बदलणे सोपे, पॅनवरचे नाव जुळवणे जिकिरीचे. नाव-आडनाव बदलासाठी राज्याचा 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. मालकी पेढीच्या नावाने खाते उघडताना रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मालकाच्या ओळखीबरोबर व्यवसायाचे साधारणतः दोन पुरावे द्यावे लागतात.

आणखी एक गुंतागुंत प्राप्तिकराची. पोर्तुगीज नागरी संहितेच्या सामाईक मालमत्ता पद्धतीत येणाऱ्या पतिपत्नींचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम 5-अ प्रमाणे निम्मे-निम्मे विभागले जाई. हे कलम 1994 मध्ये घातले गेले आणि पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाले. त्यामुळे पाटीवर म्हाळसा, जीएसटी दाखल्यावर नवरा आणि विवरणपत्रात अर्धी बायको, असे चित्र किराणा दुकानातही संभवते.