रिकामी पिकअप जास्त का आपटते?

गोव्यात शुक्रवारी म्हापशाचा बाजार. माझा मेहुणा सत्तरी तालुक्यातल्या कुळागरातले (बागायतीतले) नारळ आणि केळी पिकअपमध्ये भरून पहाटेच वाळपईहून निघतो. होंडा, साखळी, डिचोली, अस्नोडा करत उजाडेपर्यंत म्हापशात. दुपारी तीच गाडी, तोच रस्ता, फक्त हौदा रिकामा. एका शुक्रवारी मी जाता-येता दोन्ही वेळा त्याच्या शेजारी बसलो. जाताना मला छान डुलकी लागली. येताना बत्तीशी वाजत होती. डिचोलीच्या अलीकडे एका गतिरोधकावर माझं डोकं टपाला लागलं तसा तो हसून म्हणाला, "भावोजी, शॉकअप गेलेत. नवे घातले की कारसारखी चालेल बघा."

त्याचं पहिलं वाक्य खरं निघालं. दुसऱ्याबद्दल मला तेव्हाच शंका होती, कारण सकाळी शॉकअप तेच होते आणि मी झोपलो होतो.

गोंधळाचं मूळ नावात आहे. 'शॉक अॅब्झॉर्बर' म्हणजे धक्का शोषणारा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात खड्ड्याचा धक्का आधी झेलतो तो टायर आणि त्यानंतर स्प्रिंग. पिकअपच्या मागच्या बाजूला ही स्प्रिंग म्हणजे कमानपाटे, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं आणि मालाचं सगळं वजन या पाट्यांवर असतं. गॅरेजच्या भाषेतला शॉकअप म्हणजे तेलाने भरलेली नळी, तिच्यावर वजनाचा भार जवळपास नसतोच. शॉकअप काढून ठेवला तरी गाडी खाली बसत नाही, आहे त्याच उंचीवर उभी राहते.

मग रिकामी गाडी का उडते? हिशेब सोपा व्हावा म्हणून ठोकळ आकडे घेऊ. मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचं ४०० किलो वजन आहे आणि त्याने पाटे ४ सेंटिमीटर दबलेत असं समजा. म्हणजे पाटा सेंटिमीटरभर दाबायला १०० किलो लागतात. सकाळी १,२०० किलो माल चढला, एकूण १,६०० किलो झाले आणि पाटे १६ सेंटिमीटर दबले. आता ५ सेंटिमीटर उंचीचा उंचवटा चटकन चाकाखाली आला. चाक वर सरकलं, पाटे आणखी ५ सेंटिमीटर दबले आणि त्यांनी हौद्याला ५०० किलोंचा जादा रेटा दिला. गाडी भरलेली असो की रिकामी, रेटा तेवढाच. भरलेल्या हौद्याला तो त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, म्हणून तो जरासा हलतो. रिकाम्या हौद्याला हाच रेटा स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पडतो. हौदा झटक्यात वर जातो, पाटे सुटतात, आणि आत पडलेली दोरी, रिकाम्या टोपल्या, स्टेपनीशेजारचा जॅक, सगळं क्षणभर हवेत. बत्तीशी वाजण्याचं गणित एवढंच.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, झोक्याची. स्प्रिंगवर ठेवलेली वस्तू सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल, हे ती स्प्रिंगला किती दाबते यावर ठरतं. ५ या आकड्याला त्या सेंटिमीटरांच्या वर्गमुळाने भागायचं की झालं. दाब ४ सेंटिमीटर असेल तर अडीच झोके, १६ असेल तर सव्वा. वजन चौपट झालं की झोका निम्म्या गतीवर येतो. आरामदायी मोटारी साधारण एक ते दीड झोक्यांच्या आसपास ठेवलेल्या असतात. चालताना आपलं शरीर सेकंदाला दोनेकदा वर-खाली होतं, त्याहून हे थोडं संथ. शरीराला सर्वांत जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा उभं हिंदकळण्याचा, तिथे छाती आणि पोटच साथ द्यायला लागतात. भरलेली पिकअप या टापूपासून लांब असते. रिकामी झाली की ती त्याच्या दिशेने सरकते.

आमच्याकडे चतुर्थीच्या आधी चित्रशाळेतून गणपती आणायला हीच पिकअप जाते. तेव्हा मेहुणा मागच्या अॅक्सलच्या (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) वर रेतीच्या चार गोण्या घट्ट बांधतो आणि मूर्तीखाली पेंढ्याचा जाड थर घालतो. सूत्र त्याला कोणी शिकवलेलं नाही. पण ४०० किलोंवर २०० किलो रेती चढली की झोके अडीचवरून दोनवर येतात, आणि पेंढा म्हणजे मूर्तीपुरती वेगळी मऊ स्प्रिंग. चिकणमातीच्या मूर्तीचं बोट तुटलं तर काय, या धास्तीने माणूस चांगला अभियंता होतो.

तर शॉकअपचं काम काय? धक्का बसल्यानंतरचं. स्प्रिंग धक्का झेलते खरी, पण तो साठवते आणि परत देते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ डोलत राहील. शॉकअपमध्ये एक दट्ट्या तेलात वर-खाली फिरतो आणि तेलाला बारीक भोकांतून, पातळ पोलादी चकत्या वाकवत, वाट काढावी लागते. त्या ओढाताणीत झोक्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. चोर्ला घाटातल्या खराब टप्प्यानंतर शॉकअपला हात लावून बघा (अगदी जपून), तो गरम लागतो. तुमची आदळआपट तिथे उष्णता होऊन वाऱ्यावर गेलेली असते.

मुरवण्याची ही ताकद मोजायला अभियंत्यांकडे एक गुणोत्तर आहे. झोका अजिबात न होता वस्तू जागेवर परत यायला जेवढा विरोध लागेल तो १ धरायचा. गाड्यांमध्ये साधारण ०.२ ते ०.४ ठेवतात. ०.३ असताना एका झोक्यानंतर पुढच्या झोक्यात जेमतेम सातवा हिस्सा उरतो. शॉकअप थकून ते ०.१ वर आलं तर निम्म्याहून थोडा जास्त झोका उरतो, पुढच्यात त्याच्या निम्मा. एका गतिरोधकाचे तीन गतिरोधक होतात, आणि मेहुण्याच्या गाडीत नेमकं तेच होत होतं.

पण हे गुणोत्तरही वजनावर अवलंबून असतं. वजन चौपट झालं की त्याच शॉकअपचा परिणाम निम्मा होतो. भरलेल्या गाडीला ०.२ देणारा शॉकअप रिकाम्या गाडीत ०.४ देतो. म्हणजे पूर्ण भरलेली गाडी सावरायला जो पुरेसा, तो रिकाम्या गाडीला आधीच कडक. आणि शॉकअप कडक असेल तर चाक झपकन वर येताना तोही हौद्याला वर ढकलतो, पाट्यांच्या रेट्यात स्वतःची भर घालतो. म्हणून 'हेवी ड्युटी' असं लिहिलेला जाडजूड शॉकअप रिकाम्या पिकअपला घालून आराम मिळेल असं समजणं मला भाबडेपणाचं वाटतं. बहुतेकदा उलटंच होतं.

चांगल्या शॉकअपची करामत गाडी सावरणं आणि खड्डा सोसणं या दोन गरजांना वेगळं करण्यात आहे. वळणावर गाडी कलते, ब्रेक लावल्यावर नाक खाली जातं, तेव्हा दट्ट्या हळू सरकतो. खड्ड्यात तो त्याच्या कितीतरी पट वेगाने धावतो. चकत्यांची रचना अशी करता येते की हळू हालचालीला भरपूर विरोध व्हावा, पण वेग एका मर्यादेपलीकडे गेला की चकत्या उघडून तेलाला वाट द्यावी. शिवाय दबताना विरोध कमी आणि परत उलगडताना जास्त ठेवतात, बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट. दबलेला पाटा उसळी मारून परत येतो तेव्हा त्याला आवरणं महत्त्वाचं. स्वस्त आणि महाग शॉकअपमधला फरक रंगात नाही, या चकत्यांत आहे.

दुसरा फरक वायूचा. साध्या शॉकअपमध्ये तेलाशेजारी हवा असते. लांबच लांब खराब रस्त्यावर दोन्ही घुसळून फेस होतो, आणि भोकातून फेस जायला जोर लागत नाही. शॉकअप शाबूत असूनही दहा मिनिटं गायब होतो. यावर फ्रेंच अभियंता द कार्बाँ यांनी उपाय काढला: एकाच नळीत, तेलापासून एका तरंगत्या दट्ट्याने वेगळा ठेवलेला, भारी दाबाचा नायट्रोजन. दाबाखालच्या तेलात बुडबुडे सहज धरत नाहीत. जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने १९५०च्या दशकात तो मोटारींत रुळवला. आजही अनेक नळ्या दुपदरी असतात, त्यांत वायू कमी दाबाचा, आणि रोजच्या कामाला त्या पुरतात.

आता पाट्यांकडे परत. पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्या घर्षणानेही झोका मुरतो, म्हणजे पाटा हा थोडासा शॉकअपसुद्धा असतो. पण हे घर्षण आडमुठं. धक्का लहान असेल तर पट्ट्या एकमेकींना चिकटून राहतात, सरकतच नाहीत, आणि पूर्ण पाटा लोखंडी तुळईसारखा वागतो. रस्त्यावरची बारीक खडबड मग थेट बुडाखाली येते. गोव्यातली खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत पट्ट्यांमध्ये गंज धरला की हे आणखी वाढतं.

याच घर्षणामुळे गाडी हाताने दाबून सोडायची प्रसिद्ध परीक्षा पिकअपच्या मागच्या बाजूला फसवी ठरते. गाडी एकदाच हलून थांबली, तर शॉकअप ठणठणीत असेलच असं नाही. पाट्याच्या गंजाने थांबवली असेल.

गॅरेजमधल्या मेस्तने ती परीक्षा केलीच नाही. तो सरळ गाडीखाली गेला. मीही वाकून बघितलं. एक शॉकअप अॅक्सलच्या पुढे झुकलेला, दुसरा मागे. पिकअपमध्ये असं मुद्दाम करतात, म्हणजे जोर लावताना अॅक्सल स्वतःभोवती पिळून उडी मारत नाही. एका नळीवर तेलाचा ओला ओघळ होता. दुसऱ्याच्या खालच्या डोळ्यातलं (जोडकडीतलं) रबरी बुश फाटून अंडाकृती झालं होतं, म्हणजे पहिली काही मिलिमीटर हालचाल शॉकअपपर्यंत पोचतच नव्हती, तिथे नुसती खडखड. टायरवर हात फिरवला तर ठरावीक अंतरावर खळगे. चाक रस्त्यावर टेकून न राहता नाचत असलं की टायर असं झिजतं. चाक आणि अॅक्सलचा स्वतःचा झोका सेकंदाला १० ते १५ वेळा असतो. कच्च्या रस्त्यावर ८० सेंटिमीटरवर एक लाट असेल, तर ताशी ३६ किलोमीटरला सेकंदाला साडेबारा लाटा चाकाखालून जातात. अगदी त्याच तालावर.

"एक पाटा काढू? मऊ होईल," मेस्तने विचारलं. मेहुण्याचे डोळे चमकले. मी नको म्हटलं. शुक्रवारी सकाळी बाराशे किलो त्याच पाट्यांवर बसणार, उरलेल्यांना ते झेपले नाहीत तर वळणावर काय होईल ते मला बघायचं नव्हतं. शिवाय कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं.

शेवटी कंपनीच्याच लांबीचे वायुभरित शॉकअप दोन्ही बाजूंना एकदम घातले (एकच नवा घातला तर गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेने डोलते), बुश नवे, पाटे उतरवून गंज घासून ग्रीस. आणि एक फुकटचं काम: दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात टायरच्या हवेचे दोन आकडे असतात, भरलेल्या गाडीचा आणि रिकाम्या गाडीचा. मेहुणा कायम पहिलाच ठेवायचा. टायर ही पहिली स्प्रिंग, तिच्यात जादा हवा म्हणजे जादा कडकपणा. आता माल उतरल्यावर तो हवा कमी करतो आणि पुढच्या भरणीआधी न विसरता परत भरतो.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी पुन्हा गेलो. परतताना डिचोलीच्या त्याच गतिरोधकावर दणका बसला, पण एकदाच. पूर्वीसारखा तीनदा नाही. बारीक खडबड बरीच कमी. अस्नोड्याच्या वळणांवर गाडी जमिनीला धरून राहिली. बत्तीशी मात्र अधूनमधून वाजलीच, पाटे ते पाटेच.

"कारसारखी कधी चालणार, भावोजी?" त्याने विचारलं.

म्हटलं, थोडे नारळ हौद्यातच ठेवून परत आण, सकाळच्यासारखी झोप लागेल.

"नारळ परत आणायची पाळी आली," तो म्हणाला, "तर झोप कुठली लागायला?"